ऊस हंगामाआधी ट्रॉलीचा दांडा, हुक आणि चेसी मजबूत करताना

गणपती उठले की माजलगाव, गेवराई, अंबड, कळंब, लातूरकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढं उसाच्या ट्रॉल्या उभ्या राहायला लागतात. दसऱ्याच्या आत काम उरकायचं असतं, कारण एकदा गाळप सुरू झालं की मार्च-एप्रिलपर्यंत ट्रॉलीला उसंत नाही. या घाईत एक ठरलेलं काम होतं. मागच्या हंगामात जिथं तडा गेला होता तिथं जाड पट्टी चिकटवायची, वरून रंग मारायचा आणि मोकळं व्हायचं. मग भर जानेवारीत त्याच पट्टीच्या टोकाला नवा तडा जातो.

यात वेल्डरचा हात कच्चा असतोच असं नाही. ट्रॉलीची चेसी भाराखाली सतत वाकते, पिळवटते. जाड लोखंड जिथं एकदम संपतं आणि पातळ सुरू होतं, तिथं वाकण्याचा सगळा त्रास एका रेषेत गोळा होतो. दुसरं असं, की एक जागा भक्कम केली की भार तिथं मुरत नाही, तो पुढच्या जागेवर जातो. हुक मजबूत केला की मागचा आडवा चॅनल वाकायला लागतो, आडवा चॅनल भरला की उभ्या (चेसीच्या लांबीतल्या) चॅनलचा जोड फाटतो. म्हणून लोखंड किती जाड घ्यायचं याच्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: मजबुतीचं टोक कुठं आणि कसं संपवायचं, आणि तिथून भार कुठं जाणार.

इथं धरलेली ट्रॉली म्हणजे टर्नटेबलची (पुढचा धुरा वळवणाऱ्या फिरत्या गोल चकतीची) चार चाकी, ४५ ते ६० एचपीच्या ट्रॅक्टरमागं चालणारी, आणि जिच्या मागं बऱ्याचदा दुसरी जोडतात ती. दोन चाकी ट्रॉलीचं जे वेगळं आहे ते त्या त्या जागी सांगितलं आहे.

हुकावर जोर किती येतो

हिशेब सोपा जावा म्हणून दोन्ही ट्रॉल्यांचं भरलेलं वजन २० टन धरू. डांबरी सपाट रस्त्यावर चाकं फिरती ठेवायला वजनाच्या साधारण २ टक्के ओढ लागते, म्हणजे ४०० किलो. मातीच्या पाणंदीत ती ४-५ टक्क्यांवर जाते, म्हणजे ८०० ते १,००० किलो. ओलसर काळ्या रानात १० ते १५ टक्के, म्हणजे २ ते ३ टन. वर ५ टक्क्यांचा चढ असेल, म्हणजे २० मीटर चालल्यावर १ मीटर उंची, तर आणखी १ टन धरा.

आता ट्रॅक्टरकडं पाहू. मागच्या चाकांवर २ टन वजन असेल आणि मातीत पकड ०.६ धरली, तर तो सलग फार तर १,२०० किलोनं ओढू शकतो. म्हणजे ओल्या फडातून दोन भरलेल्या ट्रॉल्या सरळ ओढणं त्याच्या आवाक्यातच नाही. मग ड्रायव्हर काय करतो? थोडं मागं घेतो, रेस वाढवतो आणि क्लच एकदम सोडतो. हुकातली पिन आणि दांड्याच्या टोकाची कडी यांच्यामधली मोकळी जागा भरून निघते आणि धावता ट्रॅक्टर थांबलेल्या ट्रॉलीला हिसका देतो. तो हिसका सलग ओढीच्या कितीतरी पट असतो. दांड्याचे, कडीचे आणि मागच्या हुकाचे बहुतेक तडे डांबरी रस्त्यावर पडत नाहीत, ते इथं, फडाच्या तोंडाशी, बांध ओलांडताना पडतात. रस्त्यावर ते फक्त वाढतात.

कागद आधी

मजबूत केलेली ट्रॉली जास्त माल भरायचा परवाना नाही. आरसी बुकात लिहिलेलं भरलेलं वजन हीच मर्यादा, कारण टायर, धुरा, बेअरिंग आणि ब्रेक तेवढ्यालाच केलेले असतात. आरसीतल्या नोंदी बदलतील असा कुठलाही फेरफार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. लांबी वाढवणं, धुरा बदलणं, अशी कामं असतील तर आधी आरटीओची परवानगी घ्या. ठरल्यापेक्षा जास्त भार भरल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी हेच कागद आधी बघते.

धुवा, मोजा, तडे शोधा

ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडा, सपाट पक्क्या जागेवर घ्या, चारही चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. पाचट, मळी, ग्रीसचे थर काढून दाबाच्या पाण्यानं धुवा. वाळल्यावर वायर ब्रशनं हे भाग उघडे करा: कडीची मान, दांड्याचे बिजागराचे कान, टर्नटेबलच्या वरचे आडवे चॅनल, कमानपाट्यांचे ब्रॅकेट, आणि मागच्या हुकाभोवतीचा हातभर भाग.

तडा डोळ्याला दिसण्याआधी गंज दाखवतो. रंगातून चहासारख्या तांबूस पाण्याची बारीक ओघळ उतरलेली दिसली, तर तिच्या वरच्या टोकाला तडा आहे असं धरूनच चाला. भाराखाली तड्याचे दोन काठ एकमेकांवर घासतात, बारीक गंज निघतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली येतो. खात्री करायला त्या जागेवर डिझेल लावा, १० मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा आणि वरून खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल भुकटी ओली करतं आणि केसासारखी काळपट रेष उमटते. डाय पेनिट्रंटचे (तडा रंगानं दाखवणारे) स्प्रे मिळाले तर आणखी चांगलं.

मग मोजणी. चेसीच्या चार कोपऱ्यांतले दोन कर्ण टेपनं मोजा. ५-६ मि.मी.च्या वर फरक असेल तर चौकट तिरकी झाली आहे. उभ्या चॅनलच्या दोन्ही टोकांना सुतळी ताणून बांधा आणि मधला झोक पाहा. तिरकी किंवा झुकलेली चेसी आधी जॅक आणि साखळीनं सरळ करायची, मग पट्टी मारायची. वाकलेल्या अवस्थेत वेल्डिंग केलं तर वाकच कायमचा होतो, आणि ट्रॉली आयुष्यभर एका बाजूला टायर खाते.

साहित्य

मागच्या हुकाची चौकट आणि किरकोळ पट्ट्या धरून, उभ्या चॅनलमध्ये ९०० मि.मी. अंतर असलेल्या ट्रॉलीला साधारण हे लागतं:

- १०० × ५० चा सी-चॅनल, ४ मीटर, वजन ३८ किलोच्या आसपास
- हुकामागची प्लेट, १२ मि.मी. जाड, ३०० × २५० मि.मी., एक नग, ७ किलो
- तेवढीच पाठीमागची दाब-प्लेट, १० मि.मी. जाड
- ८ मि.मी. प्लेटचे १०० × १०० चे त्रिकोण, ८ नग
- चॅनलच्या पट्ट्यांसाठी ६ मि.मी. प्लेट
- १६ मि.मी.चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, ६ नग, जाड वॉशर आणि नायलॉक नटसह
- ७०१८ चे वेल्डिंग रॉड, ३.१५ आणि ४ मि.मी.
- १० मि.मी.ची ग्रेड ८० साखळी, शॅकलसह

चॅनल आणि प्लेट आयएस २०६२ (पोलादाचं भारतीय मानक) चीच मागा. भंगारातलं लोखंड कशाचं आहे हे कुणालाच माहीत नसतं. विशेष करून जुने कमानपाटे दांड्याला किंवा चेसीला वेल्ड करू नका. पाटा कडक दिसतो म्हणून लोक तो मोठ्या विश्वासानं लावतात, पण त्यात अर्धा टक्क्याहून जास्त कार्बन असतो. वेल्डिंगच्या कडेला ते पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं आणि पहिल्या थंडीच्या रात्री, एखाद्या हिसक्याला, सरळ रेषेत तुटतं.

पावसाळ्यातला रॉड

हे काम भाद्रपद-आश्विनात होतं आणि हवा दमट असते. ७०१८ रॉडचं आवरण हवेतला ओलावा पितं, तो ओलावा वेल्डिंगमध्ये हायड्रोजन सोडतो, आणि जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, मण्याच्या (वेल्डिंगच्या उमटलेल्या रेषेच्या) शेजारी तडा जातो. संध्याकाळी सुंदर दिसणारा जोड सकाळी फाटलेला असतो तो यामुळं. उघड्या पाकिटातले रॉड ३०० ते ३५० अंशांवर १ ते २ तास भट्टीत भाजा, वापरताना गरम डब्यात ठेवा आणि लागतील तसे काढा. उन्हात वाळवून हे काम होत नाही. भट्टीची सोयच नसेल तर नवं बंद पाकीट फोडा आणि त्याच दिवशी संपवा. ६०१३ चा रॉड हौदाच्या पत्र्याला, फाळक्याला ठीक. ओढ ज्या जोडातून जाते तिथं ७०१८.

करंट ३.१५ मि.मी. रॉडला १०० ते १४० अँपिअर, ४ मि.मी.ला १४० ते १८०. गावाकडं दुपारी व्होल्टेज पडलेलं असतं. मशीनचा काटा १२० दाखवतो आणि रॉड चिकटत राहतो. अशा वेळी मणी वर बसतो, आत शिरत नाही. टाकाऊ तुकड्यावर एक जोड मारा, शिकंज्यात धरून हातोड्यानं मोडा आणि आत पाहा. दोन लोखंडं नुसती शेजारी चिकटलेली दिसली तर त्या दिवशी काम थांबवा किंवा जनरेटर लावा.

अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच, घासलेल्या लोखंडावर लावा. चिमटा मागं आणि वेल्डिंग पुढं असलं तर करंट टर्नटेबलच्या गोळ्यांतून किंवा चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि त्यांना खड्डे पाडतो. ट्रॅक्टरवर किंवा त्याला जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करायचंच झालं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. हवा भरलेल्या टायरच्या रिंगवर वेल्डिंग किंवा गॅस कधीच लावू नका, टायर आतून तापून बॉम्बसारखा फुटतो.

ट्रॅक्टरकडचा हुक आणि पिन

ट्रॅक्टरचा हुक मागच्या हाउसिंगवर बोल्टनं बसतो. हे हाउसिंग ओतीव लोखंडाचं असतं, त्यावर काहीही वेल्ड करायचं नाही. हुक सैल पडतो कारण मधली जागा रंगानं किंवा मातीनं भरलेली असते. बोल्ट घट्ट वाटतो, रंग दबतो आणि आठवड्यात बोल्ट ढिला होतो. हुक पूर्ण काढा, दोन्ही तोंडं रंग जाईपर्यंत घासा, बोल्ट नवे घाला. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं पाहिजे. कोरं डोकं असलेला बोल्ट इथं चालत नाही. आवळणं ट्रॅक्टरच्या पुस्तिकेप्रमाणं. हाउसिंगचे आटे गेले असतील तर मोठा बोल्ट ठोकू नका, लेथवाल्याकडून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या.

ओढीची जागा उंच घेण्याचा मोह टाळा. हुक मागच्या धुऱ्याच्या मध्यापेक्षा खालीच हवा. टॉप लिंकच्या कानाला किंवा धुऱ्याच्या वर साखळी बांधून ओढलं की पुढची चाकं उठतात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरवर उलटतो. याला एका सेकंदाहून फारसा जास्त वेळ लागत नाही, उडी मारायला सवड मिळत नाही.

दोन चाकी ट्रॉलीत हुकावर खालच्या दिशेनंही भार येतो. ऊस पुढं जास्त रचला की ट्रॅक्टरचं स्टिअरिंग हलकं होतं, मागं जास्त रचला की दांडा वर उचलतो आणि मागच्या चाकांची पकड जाते. माल धुऱ्याच्या किंचित पुढं झुकता ठेवा आणि हुकावरचा उभा भार पुस्तिकेतल्या आकड्याच्या आत ठेवा.

पिन ईएन-८ च्या (मध्यम कार्बनच्या पोलादाच्या) गोल सळईची, लेथवर केलेली घ्या. बांधकामाच्या सळईची पिन करू नका. तिच्या रेघोट्यांमुळं ती मोजक्या ठिकाणीच टेकते आणि कडी खाऊन टाकते. आटे असलेला बोल्टही नको, कारण कातर (पिन आडवी कापणारा जोर) नेमकी आट्याच्या खाचेत येते. पिन मूळ मापापेक्षा २ मि.मी. झिजली की बदला. पिनच्या खाली, ती उपसू नये म्हणून, लिंच पिन किंवा आर-पिन हवीच. तारेचा तुकडा वळवून लावलेला असतो, तो पाचटात अडकून उपसून येतो.

दांडा

दांडा काढून घोड्यांवर आडवा ठेवा, म्हणजे उताण्यानं वेल्डिंग करावं लागत नाही. बहुतेक दांडे इंग्रजी ए अक्षरासारखे: दोन पाय पुढं येऊन कडीशी मिळतात. पाय एकेरी सी-चॅनलचे असतील आणि वाकले असतील तर त्यांना सरळ करून वर पट्टी मारण्यापेक्षा समोरासमोर दोन चॅनल घालून पेटी करा. इथं पेटी योग्य आहे, कारण दांड्याला आडवा मार सहन करावा लागतो. दोन पायांमध्ये कडीपासून सुमारे ४०० मि.मी. मागं एक आडवा तुकडा द्या, नाहीतर वळताना पाय फाकतात.

कडी घडीव असावी. सळई वाकवून टोकं जोडलेली कडी जोडावरच उघडते. आतून झिजून जाडी पाचव्या हिश्शानं कमी झाली की कडी भरत बसू नका, नवी लावा. कडी ईएन-८ ची असेल तर वेल्डिंगआधी १५० ते २०० अंश तापवा. तापमान कळायला वेल्डिंगच्या दुकानात तापमानाचा खडू मिळतो. काम झाल्यावर पाणी टाकायचं नाही, कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड होऊ द्या. कडीच्या मानेला दोन्ही बाजूंनी ८ मि.मी.ची लांबट पट्टी द्या, पण पट्टीचं पुढचं टोक कडीच्या गोलाईवर आडवं वेल्ड करू नका. टोक निमुळतं काढा आणि मणी फक्त लांबीत ओढा.

बिजागराचे कान १६ मि.मी. प्लेटचे, दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेले. भोक अंडाकार झालं असेल तर बुश बसवा, ग्रीस निपल लावा. इथली ढिलाई लोक चालवून घेतात, पण दुसरी ट्रॉली रस्त्यावर सापासारखी डुलते त्यामागं पुष्कळदा हेच अंडाकार भोक असतं.

तडा भरणं आणि पट्टी मारणं

तड्यावर पट्टी झाकू नका. आत तडा जिवंत राहतो आणि पट्टीखाली वाढतो, वरून कळतसुद्धा नाही. डिझेल-खडूनं तड्याचं खरं टोक शोधा, त्याच्या २-३ मि.मी. पुढं ६ ते ८ मि.मी.चं भोक पाडा. मग ग्राइंडरनं तडा पूर्ण खोलीपर्यंत व्ही आकारात उघडा, तोंड साधारण ६० अंश, तळाशी २-३ मि.मी. फट. पहिला हात ३.१५ मि.मी. रॉडनं, स्लॅग झाडून पुढचे हात. भोकही भरून घ्या. शेवटी मणी चॅनलशी सपाट घासा, घासणीच्या रेघा चॅनलच्या लांबीत ठेवा.

आता पट्टी. ती चॅनलच्या उभ्या पाठीवर मारायची, वरच्या-खालच्या ओठांच्या (आडव्या बाजूंच्या) कडेवर नाही. वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण ओठांत असतो. तिथं एक आडवा मणी किंवा एक भोक म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. १५० च्या चॅनलची पाठ साडेपाच मि.मी.च्या आसपास जाड असते, तिला ६ मि.मी. पट्टी पुरते. १२ मि.मी.ची मारली तर ती जागा दगड होते आणि शेजारी तुटते. लांबी तड्याच्या दोन्ही बाजूंना चॅनलच्या उंचीच्या दोन ते तीन पट, म्हणजे १५० ला ३०० ते ४५० मि.मी. दोन्ही टोकं चौकोनी न कापता ४५ अंशांत तिरकी किंवा माशाच्या शेपटीसारखी कापा. मणी वरच्या आणि खालच्या लांब कडेला, तुकड्या-तुकड्यानं, एकदा या टोकाला एकदा त्या, म्हणजे चॅनल आचेनं वाकत नाही. शेवटचे २५ मि.मी. मोकळे सोडा.

पूर्ण चेसी पेटी करून घेण्याचा एक प्रकार चालतो. तो करू नका. शेतात एक चाक बांधावर आणि एक चारीत असताना सी-चॅनलची चेसी पिळ घेते आणि सरळ होते. पेटी केल्यावर पिळ घेणारं काही उरत नाही, तो सगळा आडव्या चॅनलच्या जोडांवर जातो आणि ते एकामागून एक फाटतात.

मागच्या हुकाची चौकट

दुसरी ट्रॉली ओढायची असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बहुतेक ट्रॉल्यांत मागचा हुक एकाच आडव्या चॅनलच्या मधोमध बसवलेला असतो. सी-चॅनल उभा भार पेलायला केलेला आहे, मागं ओढलं की तो त्याच्या कमजोर बाजूनं वाकतो. म्हणून ओढ मधल्या चॅनलवर न ठेवता दोन्ही उभ्या चॅनलपर्यंत न्यायची.

मागच्या आडव्या चॅनलपासून ४५० मि.मी. पुढं दुसरा १०० चा आडवा चॅनल टाका. दोघांना हुकाच्या दोन्ही बाजूंनी, १५०-१५० मि.मी. अंतरावर, ४५० मि.मी.च्या दोन तुकड्यांनी जोडा. मग हुकाच्या जागेपासून निघून दोन्ही उभ्या चॅनलपर्यंत तिरके तुकडे द्या. ९०० च्या अंतराला ते ६३६ मि.मी. भरतात, कापताना दोन्ही टोकं ४५ अंशांत. हुकाचा त्रिकोण तयार झाला की हिसका दोन उभ्या चॅनलच्या लांबीत जातो, आणि लांबीत चॅनल खूप सहन करतो.

उभ्या चॅनलशी जोडताना पाठीला वेल्ड करा, ओठांना नाही. कोपऱ्यांत ८ मि.मी.चे त्रिकोण द्या, त्यांची आतली टोकं २० मि.मी. कापून टाका, म्हणजे मणी एकमेकांवर येत नाहीत. हुक मात्र बोल्टनंच बसवा: बाहेर १२ ची प्लेट, आत १० ची दाब-प्लेट, मध्ये सहा बोल्ट. हुक झिजला की बदलता येतो, आणि वेल्ड केलेल्या हुकाच्या मुळाशी जो ठिसूळ पट्टा तयार होतो तो टळतो. १६ मि.मी.चा ८.८ बोल्ट साधारण २०० न्यूटन-मीटरला आवळायचा. टॉर्क पाना नसेल तर १ मीटर लांब पाइप पान्याला घाला आणि टोकावर २० किलोचा जोर द्या, तेवढंच होतं. भोकं ड्रिलनं पाडा. गॅसनं पाडलेलं भोक वाकडं असतं आणि त्याची कड कडक होऊन चिरते.

४८ तास थांबा, मग सगळे जोड पुन्हा डिझेल-खडूनं तपासा. तोपर्यंत रंग नको. नंतर रेड ऑक्साइड, आणि हुक, दांडा, कान या जागांवर फिकट रंग द्या. पांढऱ्या-पिवळ्या रंगावर तांबूस रेष लांबून दिसते.

टर्नटेबल, पाटे, साखळी

टर्नटेबलचे बोल्ट एक सोडून समोरचा, या क्रमानं आवळा आणि ग्रीस भरताना फिरवत राहा. पाट्यांचे यू-बोल्ट एकदा सोडले की नवे घाला, जुने ताणलेले असतात. भरलेल्या पहिल्या फेरीनंतर ते पुन्हा आवळावेच लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसून जाडी थोडी कमी होते.

सुरक्षा साखळ्या दोन, प्रत्येक जोडाला. १० मि.मी.ची ग्रेड ८० साखळी ३.१५ टन कामाच्या भाराची असते. दांड्याखाली फुलीसारख्या घाला, म्हणजे पिन सुटली तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतून ट्रॉली उलटत नाही. साखळीचं टोक हुकालाच लावू नका. हुक तुटला तर साखळीही त्याच्याबरोबर जाईल.

ब्रेक

साधारण अडीच टनांचा ट्रॅक्टर, मागं २० टन, आणि ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांवरच लागतात, त्यातून सव्वा टनाच्या आसपास रोध मिळतो. ताशी २५ किलोमीटरवरून सपाट डांबरी रस्त्यावर थांबायला ३० ते ३५ मीटर लागतात. ५ टक्क्यांच्या उतारावर तेच अंतर ९० ते १०० मीटर होतं. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या उतारावर मध्येच गिअर काढून न्यूट्रल केलं तर इंजिनची रोकही जाते. वळणावर मागून ढकल आली की दांडा आडवा होतो आणि ट्रॅक्टर ट्रॉलीखाली येतो. दांडा कितीही भक्कम असला तरी याला इलाज नाही. ट्रॉलीला एअर किंवा हायड्रॉलिक ब्रेक बसवता येत असतील तर चॅनलचे पैसे वाचवा आणि तिथं घाला. ब्रेक नसतील तर उताराला एकाच ट्रॉलीनं उतरा, चढाला जो गिअर लागेल तोच उताराला, आणि तो वरच टाकायचा.

मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी चमकपट्टी लावा. रात्री ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो आणि मागच्या मोटारसायकलवाल्याला तो अंधारात दिसत नाही. दिवे झाकले जात असतील तर पट्टी उसाच्या बाहेर येईल अशा फळीवर लावा.

पहिल्या फेऱ्या आणि हंगाम

पहिल्यांदा निम्मा माल, १० किलोमीटर, थांबा, सगळे बोल्ट आणि जोड हातानं व डोळ्यानं पाहा. मग पाऊण, मग आरसीतलं पूर्ण वजन. कडीची मान, मागचा हुक आणि यू-बोल्ट प्रत्येक टप्प्यावर.

फडातून दोन्ही ट्रॉल्या एकदम काढू नका. एक-एक पक्क्या रस्त्यावर आणा, तिथं जोडा. रुतली तर चाकापुढची माती खोरून वाढे आणि पाचट घाला, क्लच सावकाश सोडा. दुसरा ट्रॅक्टर लावायचा झाला तर साखळी आधी ताणून घ्या, मग ओढा. ताणलेल्या साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

दांड्यावर कुणालाही बसू देऊ नका. टोळीतल्या बाया-लेकरांना कोप्यावर (राहायच्या झोपडीवर) लवकर जायचं असतं, ट्रॉलीवर जागा नसते, म्हणून पोरं दांड्यावर उभी राहतात. हिसका बसला की ती थेट पुढच्या चाकाखाली जातात. त्यांना ट्रॅक्टरमागं नेऊ नका, वेगळी गाडी करा.

कारखान्याच्या काट्यावर रांगेत तासन्‌तास थांबावं लागतं. ती वेळ तपासणीची. टॉर्च घेऊन पिन, लिंच पिन, साखळ्या, कडीची मान, मागच्या हुकाचे सहा बोल्ट पाहा. बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत आधीच रंगाची एक सरळ रेष मारून ठेवलेली असेल तर बोल्ट फिरला आहे का हे एका नजरेत कळतं. रेष तुटलेली दिसली तर गव्हाणीत ऊस खाली होताच तिथंच आवळा, आणि त्याच जागी आठवड्यात दुसऱ्यांदा फिरला तर बोल्ट काढून भोक तपासा: भोक मोठं झालेलं असतं किंवा प्लेटच्या मागं तडा सुरू झालेला असतो.